पाणी किती फुटांवर? आणि पॉलिसी कुणाच्या नावावर?

नव्या फ्लॅटच्या फाइलमध्ये गॅरंटी, वॉरंटी, इन्शुरन्स अशी भारदस्त नावं ठासून भरलेली असतात. पण पंचगंगा पार्किंगमध्ये शिरली की त्यातलं नेमकं कोण धावून येतं? आम्ही एका रविवारी एक फाइल उघडून बघितली...

जुलैचा शेवटचा आठवडा. बाहेर तीन दिवस धो धो. ऑफिसात एसी चालू, पण एक्सेलमध्ये कुणाचं लक्ष नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर वेगळाच पाऊस.

'किती झालं?'

'एक्केचाळीस फूट आठ इंच.'

'राधानगरीची गेटं?'

'दोन उघडल्यात. घराकडं जावा बघू आता.'

कोल्हापूरकराला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मुंबईतली मंडळी सेन्सेक्स बघतात, आपण जुलै-ऑगस्टमध्ये बंधारा बघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला आणि २००५ च्या पुराच्या गोष्टी सांगणारे म्हातारेसुद्धा गप्प झाले. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ च्याही पुढे! दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि दोन्ही वेळा दूध-पेट्रोलची टंचाई झाली. २०२४ च्या जुलैतही नदीने धोक्याची पातळी ओलांडलीच. तेव्हा 'शंभर वर्षांतून एकदा' वगैरे बोलणं आता कुणी फारसं मनावर घेत नाही.

माझा एक दोस्त शिरोली एमआयडीसीत परचेसला आहे. लग्न झालं, दोघांचे पगार एकत्र केले आणि २०२२ मध्ये त्याने नदीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर टू बीएचके घेतला. तिसरा मजला. ब्रोकरने सांगितलं होतं, 'हितं पाणी येत न्हाई सायेब.' ताबा घेतल्यावर शेजारच्या जुन्या घरातल्या आजींनी चहा पाजता पाजता सांगितलं, 'एकोणीसला आमच्या पहिल्या पायरीला लागलं होतं बघ. एकवीसला तीन पायऱ्या.' आजींचा सर्व्हे ब्रोकरपेक्षा भरवशाचा निघाला.

तरीही पठ्ठ्या बिनधास्त. 'आपल्याला कसलं टेन्शन भावा? बँकेनं इन्शुरन्स काढलाय. बिल्डरची पाच वर्षांची गॅरंटी आहे. वॉटरप्रूफिंगची तर दहा वर्षांची.'

म्हटलं, फाइल काढ.

कर्जाचा विमा, घराचा नव्हे

पहिलाच कागद गुळगुळीत, रंगीत. 'होम लोन प्रोटेक्शन'. वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो आणि मागे बंगला! फोटोत घर आहे म्हणून हा घराचा विमा, अशी त्याची प्रामाणिक समजूत. त्याचीच कशाला, ऑफिसात चार जणांना विचारा, तीन जण हेच सांगतील.

प्रत्यक्षात हा कर्जदाराचा आयुर्विमा असतो. कर्ज फिटायच्या आत कर्ज घेणाऱ्याचं बरंवाईट झालं, तर कंपनी उरलेलं कर्ज बँकेला भरते आणि घरच्यांच्या डोक्यावरचा बोजा उतरतो. चांगलीच गोष्ट आहे. पण भिंतीला भेग पडो, शॉर्टसर्किटने किचन जळो किंवा पंचगंगा हॉलमध्ये येऊन बसो, या पॉलिसीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. फ्लॅट वाहून गेला तरी कर्जदार धडधाकट असेल, तर ईएमआय चालूच!

आणखी एक गंमत. याचा हप्ता बहुतेक वेळा एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिसळून देतात. म्हणजे त्या हप्त्यावर आपण वीस वर्षं व्याज भरतो. त्याऐवजी वेगळा टर्म प्लॅन घेणं अनेकांना स्वस्त पडतं. बँकेच्या टेबलावर ठेवलेल्याच कंपनीची पॉलिसी घ्यायची, अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. पण सहीला बसल्यावर तिथे कोण वाद घालतो? काही बँका कर्जासोबत घराचाही विमा काढतात, पण तो कागद वेगळा असतो. दोस्ताच्या फाइलमध्ये तो नव्हता.

पाच वर्षं, पण कशाची?

दुसरा कागद कराराचा. इथे मात्र दोस्ताची बाजू भक्कम निघाली.

पूर्वी महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा कायद्याचा आधार होता. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्यातही बिल्डरवर होती, पण मुदत कमी आणि दाद मागायची म्हणजे चपला झिजवायच्या. २०१६ मध्ये रेरा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, आणि चित्र बदललं. रेराच्या कलम १४ मध्ये साध्या शब्दांत लिहिलंय : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सेवांत दोष दिसला आणि तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर नुकसानभरपाई. बिल्डरने ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात 'आमची पाच वर्षांची गॅरंटी' छापलं, म्हणजे काही उपकार केले असं नाही. तो कायदाच आहे.

आता यातल्या खाचाखोचा. पाच वर्षं मोजायची ती ताब्यापासून, तुम्ही राहायला गेलात त्या दिवसापासून नव्हे. वास्तुशांतीचा मुहूर्त सहा महिन्यांनी निघाला, तर सहा महिने गेले. रिसेलचा फ्लॅट घेत असाल, तर मूळ मालकाला ताबा कधी मिळाला ते आधी विचारा. आणि 'निदर्शनास आणणं' म्हणजे साइट ऑफिसातल्या पोऱ्याला 'जरा बघा की वो' म्हणणं नाही! ई-मेल करा, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, सोबत तारखेचे फोटो लावा. बेडरूमच्या भिंतीला ओल आली आणि पापुद्रे सुटायला लागले की आपण काय करतो? पुट्टी मारतो, वर मस्त टेक्स्चर पेंट देतो. पाहुण्यांना दिसत नाही, पण पुरावाही गेला.

बहुतेक करारांत आणखी एक ओळ असते आणि ती कुणीच वाचत नाही. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम-किचनमध्ये फोडाफोडी केली, पाइपलाइन हलवली आणि त्यातून गळती झाली, तर जबाबदारी संपली. आता सांगा, नव्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरवाला आला आणि त्याने किचनचा ओटा तसाच ठेवला, असं कधी झालंय? दोस्ताने तर ड्राय बाल्कनी आत घेतली होती. त्या बाजूच्या ओलीबद्दल बिल्डर काय म्हणणार, ते वेगळं सांगायला नको. लिफ्ट, नळ, टाइल्स यांची वॉरंटी त्या त्या कंपनीची आणि मुदतही वेगळी. वॉटरप्रूफिंगचा दहा वर्षांचा कागद पाहिला, तर तो टेरेसवर कोबा करणाऱ्या ठेकेदाराने बिल्डरला लिहून दिलेला होता. आमच्या दोस्ताचं किंवा सोसायटीचं नाव त्यावर कुठेच नाही. खाली दिलेला मोबाइल नंबर लावून बघितला. 'अस्तित्वात नाही.'

पुराचं काय? टेरेस पहिल्याच पावसात गळला, तर तो बिल्डरचा दोष. पण नदी चढून पार्किंगमध्ये आली तर ती नैसर्गिक आपत्ती. पाच वर्षांची गॅरंटी तिथे हात वर करते, आणि कायद्याने तिला तसं करता येतं.

बिल्डरचाही एक विमा असतो, 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाचा. बांधकाम चालू असताना सेंट्रिंग कोसळलं, साइटवर पाणी शिरलं, शेजारच्या घराला धक्का बसला, तर तो कामी येतो. 'फुल्ली इन्शुअर्ड प्रोजेक्ट' अशी पाटी दिसली तर ती बहुधा याच पॉलिसीची. काम संपलं, किल्ल्या दिल्या की या पॉलिसीचं तुमच्याशी नातं उरत नाही. रेराच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या मालकी हक्काचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने काढायचा आणि त्याचा लाभ ग्राहकांकडे, त्यांच्या सोसायटीकडे जाईल, अशी छान तरतूद आहे. पण ती लागू होते सरकारने अधिसूचना काढल्यावर. तोवर ती पुस्तकातच छान. मालकी हक्कात खोट निघाली तर भरपाईसाठी कलम १८ मात्र आहे आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही, हे लक्षात ठेवा.

परदेशात या बाबतीत लोक बरेच पुढे गेलेत. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने बांधकाम करणाऱ्याला दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा काढावाच लागतो. जपानमध्ये २००५ साली एका आर्किटेक्टने भूकंपाची आकडेमोडच खोटी केल्याचं उघड झालं, बिल्डर बुडाले आणि दहा वर्षांची गॅरंटी हवेत विरली. मग २००९ पासून तिथे बिल्डरला विमा तरी काढावा लागतो, नाहीतर अनामत रक्कम तरी ठेवावी लागते. मुद्दा एवढाच, की बिल्डर गायब झाला तरी घरमालकामागे कुणीतरी उभं राहतं. आपल्याकडे गॅरंटीचा कागद आहे, पण ज्याने लिहून दिला तो टिकला तरच.

सहा फ्लॅटची बिल्डिंग

इथे कोल्हापूरची एक खास अडचण आहे. रेराची नोंदणी कुणाला लागते? जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील त्यांना. आता आपल्या पेठा आणि कॉलन्या डोळ्यांसमोर आणा. जुना बंगला पाडला, जागामालक आणि बिल्डर यांचं निम्मं-निम्मं ठरलं आणि उभी राहिली सहा फ्लॅटची बिल्डिंग. अशा कितीतरी बिल्डिंगांना महारेराचा नंबर लागतच नाही. वेबसाइटवर प्रोजेक्ट शोधायला जाल तर काही सापडणार नाही. म्हणून ती बेकायदा ठरत नाही. पण कलम १४ चं बोट धरून महारेरात जाणं तिथे इतकं सरळ राहत नाही.

मग काय करायचं? करारातच दोष-दुरुस्तीचं कलम, पाच वर्षांची मुदत आणि ३० दिवसांची अट घालून घ्यायची. बिल्डर ओळखीचा, मामांच्या मित्राचा मुलगा वगैरे असेल तर आणखी आवर्जून! आणि ग्राहक आयोग आहेच. रेरा आला म्हणून ग्राहक कायद्याचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. जिल्हा आयोग कोल्हापुरातच असल्याने हाफ डे टाकून जाता येतं.

मग पुराचा विमा कुठला?

फाइल संपली. मिसळही संपली. दोस्ताचा चेहरा एव्हाना तर्रीसारखा झालेला. कर्जाला विमा, सांगाड्याला गॅरंटी, लिफ्टला वॉरंटी... आणि ज्याची भीती वाटून आपण रोज बंधारा बघतो, त्या पाण्याला काहीच नाही.

खरं तर त्यासाठी सोपी सोय आहे आणि ती कुणी विकत नाही, कारण एजंटला त्यात फारसं काही सुटत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना एकसारखी पॉलिसी द्यायला लावली : 'भारत गृह रक्षा'. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. आग, भूकंप, वादळ, दरड, पूर, तुंबलेलं पाणी, सगळं आतच. पूर्वी भूकंपाचं कलम वरचे पैसे देऊन घ्यावं लागायचं आणि पुराचं कलम गाळून हप्ता कमी करता यायचा. तो घोळ आता नाही.

यात लोक सगळ्यात जास्त कुठे गडबडतात सांगू? रकमेत. फ्लॅट ४५ लाखांना घेतला म्हणून ४५ लाखांचा विमा काढायला जातात. पण जागेची किंमत विम्यात धरत नाहीत. जमीन कुठे वाहून जाते? धरायचा तो पुन्हा बांधायचा खर्च. समजा कार्पेट एरिया ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर फुटाला दोन हजार, तर रक्कम होते १४ लाख. हप्ता या १४ लाखांवर. सोबत घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल दहा लाखांपर्यंत. म्हणजे या हिशेबात २ लाख ८० हजार. फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा, पलंग, हौसेने केलेलं मॉड्युलर किचन, यांत भागत नसेल तर यादी देऊन वाढवून घ्या. दागिने मात्र वेगळे सांगून, वेगळे पैसे भरूनच. घर राहण्याजोगं उरलं नाही तर तेवढ्या काळाचं भाडं मिळतं, मलबा काढायचा खर्चही मिळतो. पुराच्या गोंधळात चोरी झाली, तर सात दिवसांच्या आतली चोरीही धरतात. २०१९ ला लोक घर सोडायला का तयार नव्हते, ते आठवत असेल तर या कलमाची किंमत कळेल.

रक्कम थोडी कमी धरली गेली म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापायचा, हा जुना नियमही या पॉलिसीत नाही. वर्षाचा हप्ता? साध्या फ्लॅटला एखाद्या वीकेंडच्या हॉटेलबिलात बसेल इतका. तुलनेसाठी आठवून बघा, २०१९ च्या पुरानंतर सरकारी सानुग्रह मदत होती शहरात कुटुंबामागे १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार. त्यात गाद्या आणि मिक्सर आला असता, फारतर.

आणि हो, पॉलिसी आजच घ्या. पाणी ४२ फुटांवर गेल्यावर ऑनलाइन फॉर्म भरायला बसलात, तर कंपनीवालेही बातम्या बघतात.

पार्किंग कुणाचं?

'पण माझा तिसरा मजला,' दोस्त म्हणाला. 'माझ्याकडं पाणी येतंय कुठलं?'

बरोबर. त्याच्याकडे नाहीच येणार. पाणी येणार खाली, जिथे लिफ्टचं मशीन, बोअरची मोटर, मीटरचं पॅनेल, पाण्याची टाकी आणि सगळ्यांच्या गाड्या आहेत. यातलं पहिलं सगळं सोसायटीचं. त्याचा विमा सोसायटीच्या नावावर काढायला हवा. तुमच्या फ्लॅटच्या पॉलिसीत लिफ्टचा क्लेम बसत नाही. गाडी तर तिसरीच गोष्ट. तिला मोटर पॉलिसी लागते आणि तीही नुसती थर्ड पार्टी चालत नाही. पाण्यात बुडालेली गाडी उत्साहाने स्टार्टर मारून चालू करू नका! इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर 'इंजिन प्रोटेक्टर' नसलेल्या पॉलिसीत तो खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो. गाडी टो करून न्यायची.

नुकसान झालंच तर साफसफाईच्या आधी फोटो आणि व्हिडिओ. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसायच्या आधी तिचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. क्लेम अडवलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात.

अजून फ्लॅट घेतला नसेल त्यांच्यासाठी : टाइल्सचा कलर ठरवायच्या आधी नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा जास्त ठेवायच्या अटीवर. ही माहिती महापालिकेच्या नगररचना विभागात मागा. मग ज्या गल्लीत फ्लॅट आहे तिथे जाऊन एखाद्या आजींना विचारा, एकवीसला कितव्या पायरीपर्यंत आलं होतं? दोन्ही उत्तरं जुळली तर बरं. नाही जुळली, तर मी आजींचं ऐकेन.

दोस्ताने त्याच रात्री स्वतःची पॉलिसी काढली, दहा वर्षांची एकदम. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्ट आणि मोटरच्या विम्याचा विषय टाकला. बावीसपैकी अकरा जणांनी अंगठा दाखवला, सहा जणांनी 'गुड मॉर्निंग'चे फोटो पाठवले. सेक्रेटरीकाकांनी लिहिलं, 'सूचना चांगली आहे. गणपती झाल्यावर मीटिंग लावू.'

त्या संध्याकाळी बंधाऱ्यावर ४२ फूट ९ इंच होतं.